खोडवा

त्यांची दुसरी पाळी. फौंड्रीतून बारा वाजता येतात,
बूट दारात, कपडे वाळूनं काळे,
आणि जेवायच्या आधी काचेसमोर बसतात.
दोन फुटांची टाकी. तिला टाकी म्हटलेलं चालत नाही.
आत जोतिबाच्या वाटेवरचे सात काळे धोंडे,
त्यातला एक तिरका, त्याच्यापायी म्हणे तीन रविवार गेले.
दिवा टायमरवर, पाळी बघून: संध्याकाळी सहा ते रात्री एक.
सोड्याच्या बाटलीत गूळपाणी आणि चिमूटभर यीस्ट,
सलाईनच्या नळीतून बुडबुडा येतो, सेकंदाला एक.
"हे झाडांचं जेवण."
गूळ माझ्या डब्यातला जातो, हे मी कुठं बोलते.

चार वर्षांमागं पाणी आपणहून घरात आलं होतं,
खिडकीपर्यंत. भिंतीवरची रेघ
रंग दिला तरी वर येते.
त्याच भिंतीला त्यांनी टाकी लावली.
मी विचारलं नाही.

गंगावेशीतल्या निसार बागवानांकडून
एकदा डबी आणली: बोटाएवढी रोपं, जेलीत उभी.
"रोटाला. थायलंडची. दोनशे ऐंशी."
मी चष्मा लावून बघितलं.
बारीक गोल पानं, समोरासमोर, देठ तांबूस.
मला हसू आवरेना.
गगनबावड्याखाली आमच्या भाताच्या खाचरात
हेच उपटत माझं बारावं वरीस गेलं.
पोटरीभर चिखल, पाठीवर इरलं,
पुढं आईची पात, मागं माझी.
त्याला आम्ही नाव कधी ठेवलं नाही,
नावंच ठेवली.
बांधावर फेकलं तरी मरायचं नाही मेलं.

इथं ते त्याला चिमट्यानं लावतात,
एकेक काडी, श्वास धरून,
बायकोच्या केसात गजरा माळावा तसं.
तसा गजरा मला काही आठवत नाही.

वाढलं. दिवाळीपर्यंत पाण्याच्या वर टेकलं,
टेकून आडवं झालं, छपरासारखं पसरलं.
खाली अंधार. बुडखे काळे, पानं गळालेली,
धोंड्यांवर शेवाळाचे केस.
वाकडी कात्री आणलेली, साडेसहाशेची, अजून कागदात.
"कापा की."
"राहू दे आठवडाभर. किती लाल आलंय बघ."
वितळलेलं लोखंड ओतणारा माणूस
काडीला हात लावायला भितो.

मग एका गुरुवारी ते पाळीला गेल्यावर
मी पदर खोचला, बांगड्या मागं सारल्या
आणि कोपरापर्यंत आत गेले.
पाणी कोमट. मासे बोटांना लुचू लागले.
उसाची कांडी डोळा बघून तोडतात,
तसं पेरावर बोट ठेवत गेले,
इथं, इथं, ह्याच्या जरा वर.
भांगलण हात विसरले नव्हते.
बादली भरली. शेंडे निवडले, सडकं फेकलं,
आणि उरलेल्या खुंटांकडं बघून
तेव्हा कुठं भीती वाटली.

रात्री ते काचेसमोर बसले.
जेवले नाहीत.
मला काही म्हणाले नाहीत.
बाटलीतला गूळ तेवढा बदलला.

अकरा दिवसांनी, साडेबाराला, हलवून उठवलं.
"शेवंता. ये जरा."
कापल्या जागी दोन-दोन कोंब,
तांदळाच्या कणीएवढे.
"खोडवा आलाय," मी म्हटलं, आणि परत जाऊन पडले.
ते मोजत बसले असणार.

शेंडे त्याआधीच निसारभाईंनी नेले होते,
रबर लावून, जुडीला चाळीस.
आईला फोन केला: खाचरातलं ते तांबडं तण, आठवतंय? विकलं.
तिकडं बराच वेळ टीव्हीचाच आवाज.
मग म्हणाली, "वजनावर का जुडीवर?"